हुंकार आणि भोंगा

वडील एसटीत कंडक्टर होते, एकतीस वर्षं. त्यांच्याकडच्या गोष्टी संपत नाहीत, फक्त हल्ली सांगताना त्यांना जरा वेळ लागतो. दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा जेवणाआधी त्यांनी बोकडाची गोष्ट काढली. बाजाराचा दिवस, मुक्कामी गाडी, आणि एक म्हातारा बोकडाच्या गळ्यातली दोरी धरून दारात उभा. ड्रायव्हर म्हणतो चढवू नका, म्हातारा म्हणतो पाया पडतो, मागचे पॅसेंजर म्हणतात काय ते करा पण गाडी सोडा. मी ऐकत होतो. म्हणजे हातात फोन होता आणि तोंडाने ‘हं’ चाललं होतं. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी सोमवारच्या मीटिंगची वेळ बदलली होती, त्यावर सतरा जणांनी अंगठा दाखवला होता, अठरावा माझा व्हायचा होता. वडील म्हणाले, “मग मी काय केलं असेल, सांग बरं.” मी म्हणालो, “हं.”

ते थांबले. रागावले नाहीत. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि म्हणाले, “चल, पानं घेतली असतील.” बोकडाचं काय झालं ते राहिलंच.

आमच्या घरात गोष्ट हुंकारावर चालते. आजी रात्री अंथरुणावर गोष्ट सुरू करायची तेव्हा तिची अट एकच असायची, प्रत्येक वाक्याला कुणीतरी ‘हुं’ म्हणायचं. हुंकार थांबला की पोरं झोपली असं समजून ती राजाराणीला तिथेच रानात सोडून कूस बदलायची. ऐकणारा जागा असल्याची पावतीच होती ती. फोनने नेमकी ही पावती खोटी करून टाकली. झोपलेला माणूस हुंकार देत नाही. फोनमध्ये गेलेला देतो, आणि अगदी बरोबर जागी देतो. बायको, आई, मुलगी, वडील, सगळ्यांना मी वर्षानुवर्षं अशा खोट्या पावत्या फाडून दिलेल्या आहेत. कंडक्टरच्या पोराने.

मुलगी आठ वर्षांची आहे. तिने यावर स्वतःचा उपाय काढलाय. बोलता बोलता ती माझी हनुवटी धरते आणि तोंड स्वतःकडे वळवते, नळ फिरवावा तसं. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात, म्हणजे खिशातला फोन जन्माला यायच्या कितीतरी आधी, एक प्रयोग केला होता. आई आणि काही महिन्यांचं बाळ समोरासमोर. आई आधी नेहमीसारखी खेळवते, मग दोनेक मिनिटं चेहरा कोरा करून नुसती बघत राहते. बाळ आधी हसतं, हात पुढे करतं, बोट दाखवतं, किंचाळून बघतं. आपल्याला येतात तेवढ्या सगळ्या युक्त्या करून झाल्या की मान फिरवतं आणि रडायला लागतं. आई कुठे गेलेली नसते, हातभर अंतरावर असते. हा प्रयोग मी पहिल्यांदा पाहिला तो रात्री साडेअकराला, फोनवर, शेजारी बायको काहीतरी सांगत असताना. हेही सांगून टाकतो.

तर मग मी सुधारायचं ठरवलं. फोनचा पडदा काळा-पांढरा केला. जेवताना फोन कपाटात ठेवला. रोज किती वेळ बघितला ते मोजणारं ॲप घातलं, आणि ते ॲप उघडून बघण्यातच रोजची दहा मिनिटं जाऊ लागली. श्रावणी सोमवारासारखा रविवारी फोनचा उपवास धरला, तो दुपारी वरण-भाताच्या आधीच सुटला. आपल्याकडे या विषयावर जे लिहिलं-बोललं जातं ते सगळं याच सुरात असतं. मन आवरा, संयम ठेवा, आपल्या माणसांना वेळ द्या. कीर्तनकारापासून कॉर्पोरेट व्याख्यात्यापर्यंत सगळे हेच सांगतात. हा सूर मला आता पटेनासा झालाय. फोन खाली ठेवणं हा एकट्याच्या मनोनिग्रहाचा प्रश्न आहे असं आपण धरून चाललोय, आणि तिथेच गणित चुकतंय. ती सगळ्यांनी मिळून ठरवायची, सगळ्यांनी एकदम पाळायची वेळ आहे. एकट्याने पाळायला गेलं तर ती मोडणारच.

एक कारण सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर फार रेंगाळत नाही. हे यंत्र संपू नये अशाच बेताने घडवलेलं आहे. पूर्वी पेपर संपायचा, मासिक संपायचं, वेबसाइटचं पानसुद्धा खाली जाऊन संपायचं आणि ‘पुढे’ म्हणून बटण दाबावं लागायचं. २००६ साली अझा रास्किन या तंत्रज्ञाने न संपणारं पान तयार केलं, आणि पुढे त्याबद्दल स्वतःच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. पान संपलं की माणूस मान वर करायचा. आता मान वर करायची जागाच राहिली नाही. त्यात मटक्याची गंमत मिसळलेली. दहा वेळा खाली सरकवलं की एकदा खरोखर हसू येईल असं काही निघतं, त्या एका आकड्यासाठी बाकीचे नऊ. अशा यंत्रापुढे ‘मन आवरा’ म्हणणं म्हणजे मटक्याचा अड्डा शाळेसमोर चालू ठेवून पोरांना मूल्यशिक्षणाचा तास लावणं.

दुसरं कारण मात्र यंत्रातलं नाही, माणसांतलं आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलीच्या शाळेचा पालकांचा ग्रुप आहे. त्यावर रात्री पावणेनऊला सूचना येते : उद्या पिवळा टी-शर्ट आणि एक रिकामी बाटली. ज्याने नऊपर्यंत पाहिली त्याच्या मुलाकडे सकाळी पिवळा टी-शर्ट असतो. ज्याने घरच्यांसोबत गप्पा मारत फोन लांब ठेवला होता त्याचं मूल पांढरा शर्ट घालून जातं आणि दिवसभर रांगेत वेगळं दिसतं. आता सांगा, चांगला बाप कोण? ऑफिसचं तेच, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचं तेच, दूधवाल्याचं तेच. निळी टिक आल्यापासून तर ‘पाहिलं नाही’ म्हणायची सोयही गेली. फोन खाली ठेवणाऱ्याला रोज थोडाथोडा दंड बसतो, आणि तो पुष्कळदा घरातल्या इतरांच्या खिशातून जातो. अशा गर्दीत एकट्याने फोन ठेवणं म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये एकट्यानेच हळू बोलून बँड थांबेल अशी आशा धरणं.

कुणी म्हणेल, टीव्ही आला तेव्हाही हीच ओरड होती. होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण टीव्ही घराला एका दिशेला तोंड करून बसवायचा. १९८७ला रामायण सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी आमच्या वाडीतल्या एकमेव टीव्हीसमोर तीस माणसं बसायची, त्यात घरमालकालाच जागा नसायची. सगळे एकाच वेळी हसायचे, एकाच वेळी लाइट गेल्यावर ओरडायचे. फोनचं तसं नाही. एकाच सोफ्यावर चौघं बसलेली, चौघांचे चार बाजार, आणि एक हसला की बाकीचे विचारतातही नाहीत काय झालं म्हणून.

म्हणून मला सांगली जिल्ह्यातल्या एका गावाचं फार अप्रूप वाटतं. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. लोकवस्ती तीन हजारांच्या आसपास, बहुतेक शेतकरी आणि साखर कारखान्यातले कामगार. करोनात मुलांचं शिक्षण फोनवर गेलं, करोना ओसरल्यावर मुलं शाळेत परतली पण फोनमधून परतली नाहीत. १४ ऑगस्ट २०२२ला गावातल्या महिलांच्या सभेत विषय निघाला आणि दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे स्वातंत्र्यदिनापासून, देवळावर भोंगा वाजायला लागला. संध्याकाळी सातला पहिला : फोन बंद, टीव्ही बंद. साडेआठला दुसरा : आता करा सुरू. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं, नाहीतर नुसतं बसायचं. सुरुवातीला लोक हसले. मग सरपंच विजय मोहिते आणि गावातली काही मंडळी वॉर्डावॉर्डांत फिरली, दारोदार जाऊन सांगितलं. देशभरातले, परदेशातलेही पत्रकार येऊन गेले, त्याच्या चित्रफिती सगळ्यांनी फोनवर पाहिल्या. असो.

या गोष्टीतला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग बातम्यांत कोपऱ्यात राहिला. भोंगा फक्त मुलांसाठी वाजत नाही. टीव्हीही बंद होतो, आणि संध्याकाळी सात ते साडेआठ हा मराठी मालिकांचा ऐन बहराचा वेळ आहे. विषय महिलांच्या सभेत निघाला आणि पहिली किंमतही त्यांनीच मोजली. कथानायिकेच्या सासूने दुधात काय कालवलं हे त्या दीड तासात त्यांना कळलं नाही. मुलाला ‘फोन ठेव’ म्हणण्याचा अधिकार असा मिळतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने दुसरा मार्ग धरला. ग्रामसभेत ठराव झाला की अठरा वर्षांखालच्यांनी मोबाईल वापरायचा नाही, वापरला तर दंड. काळजी तीच, कळकळही तीच, त्याबद्दल मला शंका नाही. पण ठरावाची धार खालच्या बाजूला. मोठ्यांचा फोन चालू, मुलांचा बंद. शहरातली आपण माणसं वेगळं काय करतो? मुलाच्या हातातून फोन काढून घेतो आणि तो काढून घेतल्याचं बायकोला मेसेजवर कळवतो. मुलं आपलं ऐकत नाहीत, बघतात मात्र बारीक. बापाने एका हाताने पोराचा फोन हिसकावला तेव्हा दुसऱ्या हातात काय होतं हे पोराला पाठ असतं.

भोंगा हा शब्द मराठी माणसाच्या कानात आधीपासून आहे. गिरणगावात तो पहाटे वाजायचा आणि चाळीच्या चाळी त्यावर उठायच्या. कुणाची पाळी सुटली, कुणाची लागली, हे घड्याळ नसलेल्या घरालाही कळायचं. त्या गिरण्यांमध्ये एके काळी आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत साचा चालायचा. कामगाराने स्वतःपुरतं ठरवलं असतं की मी आजपासून आठवड्यातून एक दिवस बायकोमुलांसोबत राहणार, तर काय झालं असतं? खाडा धरला असता, पगार कापला असता, दुसऱ्या आठवड्यात बदली माणूस उभा राहिला असता. सुट्टी तशी मिळाली नाही. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी सभा घेतल्या, निवेदनं दिली, हजारो सह्या गोळा केल्या. २४ एप्रिल १८९०ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तिच्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९०ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

आज रविवार आपल्याला निसर्गनियमासारखा वाटतो, जणू सूर्याबरोबरच आला. तो मागून, भांडून, सगळ्यांनी एकदम घेतलेला आहे. आणि सगळ्यांनी एकदम घेतला म्हणूनच तो उपयोगाचा आहे. मला मंगळवारी सुट्टी, बायकोला गुरुवारी आणि मुलीला रविवारी असती तर आमच्या तिघांच्या मिळून तीन सुट्ट्या झाल्या असत्या आणि भेट एकही नाही. फोनच्या बाबतीत आपण आज नेमके याच अवस्थेत आहोत. प्रत्येक जण आपापल्या सोयीने थोडा वेळ फोन ठेवतो. मी ठेवतो तेव्हा ती बघत असते, ती ठेवते तेव्हा मला काहीतरी ‘दोन मिनिटांचं’ असतं.

मोबाईल सगळ्यांनी मिळून खाली ठेवल्याचं एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे, तेही कुटुंबासाठी नव्हे, कामासाठी. २०२१ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचं आंदोलन केलं. ते फोन धड चालत नव्हते, गरम व्हायचे, बंद पडायचे, आणि ज्या पोषण ट्रॅकर ॲपवर माहिती भरायची ते मराठीत नव्हतं. एका सेविकेने फोन परत केला असता तर तिला कारणे दाखवा नोटीस आली असती. हजारोंनी केला तेव्हा सरकारला उत्तर द्यावं लागलं.

इथून पुढे माझा रोख घराकडून ऑफिसकडे वळतो, कारण माझ्या वयाच्या माणसांचा संध्याकाळचा फोन मुख्यतः तिथूनच वाजतो. रील बघणारा मी वाईट, हे कबूल. पण त्या दिवाळीच्या रात्री मी रील बघत नव्हतो. सुट्टीच्या दिवशी रात्री साडेआठला एका माणसाला मीटिंगची वेळ बदलावीशी वाटली, आणि सतरा जणांना आपला अंगठा लगेच दिसला पाहिजे असं वाटलं. त्या सतरा जणांच्या घरीही कुणीतरी काहीतरी सांगत असेलच की. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबद्दल कामगारांशी बोलणी करणं बंधनकारक आहे. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून वेळेबाहेर आलेल्या फोनला, नकार अवाजवी नसेल तर, उत्तर न देण्याचा कायदेशीर हक्क आला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी अशाच हक्काचं खासगी विधेयक २०१८च्या अखेरीस लोकसभेत मांडलं, २०२५च्या डिसेंबरात पुन्हा मांडलं. खासगी विधेयकाचा कायदा होण्याचं भारतातलं शेवटचं उदाहरण १९७०चं आहे, तेव्हा फार आशा धरण्यात अर्थ नाही. पण एवढा साधा मुद्दा निवडणुकीच्या सभेत कुणी का काढत नाही, याचं मला नवल वाटतं. पुण्यातल्या हिंजवडीपासून चाकणपर्यंत लाखभर घरांत रोज रात्री हाच तमाशा चालतो, आणि आपण त्याला ‘वर्क कल्चर’ म्हणून मोकळे होतो.

आता दुसरी बाजू. तिला मी टाळू शकत नाही, कारण ती माझ्या बायकोने मांडली आणि ती बरोबर आहे.

ती म्हणाली, तुझ्या लेखात सगळे फोन ठेवून गप्पा मारतायत, त्या वेळी भाकरी कोण करतंय? सात ते साडेआठ ही घरातल्या पुरुषांची दिवेलागण असते. बाईची ती कुकरची वेळ असते. तिला दिवसभरात स्वतःसाठी जी वीस मिनिटं मिळतात ती रात्री सगळं आवरल्यावर, आणि तेव्हा तिच्या हातात फोन असतो. माहेरची बहीण त्यात असते, शाळेतली मैत्रीण त्यात असते. कित्येक घरांत सुनेला स्वतःची अशी खोली नसते, दाराला कडी नसते. तो सहा इंचांचा पडदा हीच तिची खोली. तिथूनही तिला बाहेर बोलावून ‘जरा आमच्यात बस’ म्हणायचं आणि बसल्यावर चहा टाकायला सांगायचं, याला आपल्या माणसांना वेळ देणं म्हणत नाहीत.

आणि ज्यांची माणसंच फोनमध्ये आहेत त्यांचं काय? बीडहून दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याची पोरं गावाकडे आजीपाशी असतात. पाच-सहा महिने त्या पोरांची आई म्हणजे रात्रीचा एक व्हिडिओ कॉल, उसाच्या फडाशेजारच्या कोपीतून केलेला, रेंज असेल तर. न्यू जर्सीतल्या मुलाची आईही रविवारी सकाळी फोन उभा करून त्याच्यासमोर पोहे खाते. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, त्याचं हे देणं आहे आणि ते लहान नाही. या माणसांना ‘फोन खाली ठेवा’ सांगणारा लेख लिहिणं हा निव्वळ आगाऊपणा ठरेल.

म्हणूनच नियम करताना एक भेद करायला हवा असं मला वाटतं. फोन वाजला की पलीकडे माणूस असतो. तो उचलावा, मनापासून बोलावं. न वाजता आपण उघडतो तेव्हा पलीकडे बहुतेक वेळा बाजार असतो. बंद करायचा तो बाजार, तोही सगळा वेळ नाही, दिवसातला तास-दीड तास.

गावाच्या भोंग्यातही एक धोका आहे, तो नाकारत नाही. आज भोंगा अभ्यासासाठी वाजतो, उद्या गावकी कुणाच्या पोरीने फोन वापरायचा आणि कुणाच्या नाही हे ठरवायला बसली तर? मुलींना फोनबंदी करणारे फतवे या देशाने पाहिलेले आहेत. त्यावर माझ्याकडे कसोटी एकच आहे. नियम करणारा स्वतः त्या नियमात येतो का? वडगावात येतो. ज्या ठरावातून ठराव करणारे सुटतात तो ठराव फोनबद्दलचा नसतो, धाकाबद्दलचा असतो.

शहरात हे जमेल का? आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी विषय मांडून पाहिला. दोनशे चाळीस फ्लॅट, हजर माणसं त्रेचाळीस. आठवड्यातून एक संध्याकाळ, शुक्रवारी साडेसात ते नऊ, सोसायटीच्या ग्रुपवर कुणी काही टाकायचं नाही आणि जमेल त्यांनी खाली बागेत यायचं, एवढंच. चेअरमन म्हणाले, कल्पना छान आहे, ग्रुपवर टाका, पोल घेऊ. पार्किंगच्या विषयाला मात्र सव्वा तास दिला गेला, आणि खरं सांगायचं तर त्या सव्वा तासात एकाचाही हात फोनकडे गेला नाही. माणसं समोरासमोर भांडत होती, एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. मी मनात म्हटलं, हेही नसे थोडके.

त्यातूनच एक गोष्ट डोक्यात आली. फोन काढून घेतला की माणसं आपोआप बोलायला लागतात, ही समजूत चुकीची आहे. आपण मराठी माणसं समोरासमोर बसून, डोळ्यांत बघून, ‘बोल, काय चाललंय तुझ्या मनात’ अशी बोलतच नाही. कुणी तसं विचारलं तर घाबरतो. आपण बोलतो ते शेजारी बसून, हाताला काहीतरी चाळा असताना. शेंगा फोडताना, गहू निवडताना, गोधडी शिवताना. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला कर्ज झालं, कुणाला कोण आवडतं, हे सगळं गेल्या पिढीपर्यंत सुपात बघत बघत सांगितलं गेलं आहे. नजर सुपाकडे असल्यामुळेच ते सांगता आलं. मग गहू निवडलेला यायला लागला, लसूण सोललेला मिळायला लागला, गोधडीची ब्लँकेट झाली. हात मोकळे झाले आणि त्या मोकळ्या हातांत नेमका फोन येऊन बसला. मला बायकांच्या कष्टांचे गोडवे गायचे नाहीत. ते काम त्यांच्याच वाट्याला होतं आणि गेलं ते बरंच झालं. पण त्याच्याबरोबर बोलायची जागाही गेली, हे लक्षात घ्यायला हवं.

२००५च्या सुमारास महाराष्ट्रात भारनियमनाचा कहर होता. आमच्या गावात संध्याकाळीच वीज जायची. बारावीची पोरं कंदिलावर डोळे फोडायची, शेतकरी रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जायचे आणि साप चावून घ्यायचे. त्या दिवसांना सोन्याचा मुलामा चढवणारा माणूस मला आवडत नाही. तरी एक सांगतो, वीज गेली की सगळी आळी ओट्यावर यायची. कुणी कुणाला बोलावलेलं नसायचं. सगळ्यांकडचं सगळं एकदम बंद पडलेलं असायचं, म्हणून घरात बसून कुणाचं काही चुकत नसे. वायरमनच्या नावाने बोटं मोडत मोडत गप्पा कुठल्या कुठे जायच्या. आमच्या गावचा भोंगा तोच होता, फक्त तो महावितरण वाजवायचं आणि त्यामागे कुणाचं भलं करायचा हेतू नव्हता.

संक्रांतीला पुन्हा गावी गेलो, या खेपेस भाऊ-भावजयही आली होती. साडेसात ते नऊ असं ठरवलं. फोनचे आवाज मोठे केले, सगळे फोन चकलीच्या रिकाम्या डब्यात घातले, डबा फ्रिजवर. आईचाही घातला. ती म्हणाली, “माझा कशाला? मी कुठे बघते?” घातल्यावर दहाव्या मिनिटाला तिनेच पहिल्यांदा फ्रिजकडे बघितलं. पहिला अर्धा तास फार वाईट गेला. भाऊ गुडघे दाबत बसला. वडिलांना डुलकी लागली. मुलीने तीन वेळा विचारलं, “आता काय करायचं?” बायको स्वयंपाकघरात जायला उठली तेव्हा भाऊ म्हणाला, बसा वहिनी, खिचडी मी टाकतो, आणि खरंच उठला. आईने आतून लसणीच्या गड्ड्यांची परडी आणून मधोमध ठेवली. चटणी करायची होती म्हणे. एवढ्या लसणीची चटणी आमच्या घरात वर्षभर पुरली असती.

पाकळ्या सुटायला लागल्या. नखांना वास लागला. मुलीला एक पाकळी अख्खी सोलून निघाली त्याचं केवढं कौतुक झालं. फ्रिजवर डब्यात काहीतरी थरथरलं, वाजलं मात्र नाही, आणि सगळ्यांनी एकमेकांकडे बघून परत खाली बघितलं. मी वडिलांना म्हणालो, “अप्पा, त्या बोकडाचं काय झालं?”

“कुठल्या?”

“म्हाताऱ्याचा. मुक्कामी गाडीतला.”

“तो होय.” त्यांनी हातातली पाकळी उजेडात धरून बघितली. “ड्रायव्हर ऐकेना. म्हातारा खाली उतरेना. सामान म्हणून घ्यावा तर वजन करायला काटा नाही. मागची बाई म्हणाली, मास्तर, माणसाचं तिकीट फाडा आणि मिटवा.”

“हुं,” मुलगी म्हणाली. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

“मग मी म्हाताऱ्याला विचारलं, वय काय याचं? म्हणाला, दीड वर्ष. म्हटलं, मग अर्धं तिकीट तरी कशाला, पाचाच्या आत फुकट. मांडीवर घेऊन बसा.”

“बसला?” मुलीने विचारलं.

“बोकड बसला,” वडील म्हणाले. “म्हातारा उभ्याने आला.”